नित्यनवीची गोधडी

इचलकरंजीबाहेरच्या त्या कारखान्याच्या फाटकासमोर सकाळपासून बायका बसल्या होत्या. आत माणसाविना चालणारे माग कापड ओतत होते आणि बाहेर माणसं घशाला कोरड पडेपर्यंत घोषणा देत होती. मागांना ऐकू येत नव्हतं आणि मालकांना ऐकायचं नव्हतं, त्यामुळे परिणाम एकच होता.

रस्त्यावर साड्या अंथरल्या होत्या, सगळ्या 'नित्यनवी'च्या. २०३०च्या आगेमागे ही साडी बाजारात आली आणि बघता बघता घरोघर पोचली. तिच्यावर आमटी सांडली तर झटकली की झालं. हळद लागली तर ओल्या फडक्यानं पुसली की गेली. इस्त्री नको, स्टार्च नको, वर भावात स्वस्त. जिनं जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांचे डाग धुतले, तिला डाग न धरणारी साडी मिळाल्यावर तिनं ती का नेसू नये? लग्नाच्या आहेरात नित्यनवी, ओटीत नित्यनवी, निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात तर दारात आपोआप येऊन पडलेली नित्यनवी.

'विष विकणं बंद करा' अशी घोषणा अन्विता मगदूम देत होती. बंदोबस्ताला आलेला हवालदार तसा भला माणूस होता. त्यानं तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की ताई, तुमच्यातल्या निम्म्या जणी तीच साडी नेसून आल्यात. अन्वितानं मागं वळून पाहिलं. खरंच होतं. त्या बिचाऱ्यांच्या कपाटात दुसरं काही उरलंच नव्हतं. तिनं माईक खाली ठेवला.

या आंदोलनाची खरी अडचण मात्र हवालदाराला ठाऊक नव्हती. साडीवर जो न दिसणारा थर होता तो कार्बन आणि फ्लोरिन यांच्या लांब साखळ्यांचा. या दोघांची एकदा गाठ बसली की ती सुटता सुटत नाही. ऊन, पाणी, जंतू, कुणाचीच मात्रा तिच्यावर चालत नाही. म्हणून तर तेल-पाणी त्या कापडाला शिवत नाही. आणि म्हणूनच अशा साखळीचा तुकडा पोटात गेला तर शरीरालाही त्याचं काय करावं ते कळत नाही. तो रक्तात फिरत राहतो आणि मूत्रपिंडांत साठत जातो. इथवर सगळ्यांना मान्य होतं. कंपनीचं म्हणणं एवढंच होतं की मुळात साखळी कापडापासून सुटतच नाही. तिनं साडी नेसणाऱ्या बायकांचं रक्त तपासून घेतलं, त्यात ते रसायन नगण्य निघालं. आंदोलन करणाऱ्या मंचानं मोठ्या तोऱ्यात पुन्हा तपासलं, तर त्यांच्याही हाती नगण्यच आलं. तेव्हापासून कंपनीनं तो अहवाल फाटकावर फलक करून लावला होता.

अन्विताच्या मुलीच्या रक्तात ते नगण्य नव्हतं. कावेरी सात वर्षांची असताना तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, आणि डॉक्टरांनी त्यांत हेच रसायन दाखवलं. साडी न नेसणाऱ्या पोरीच्या अंगात ते आलं कुठून, हे मात्र कुणालाच सांगता येईना. कावेरी गेली. अन्वितानं शाळेतली विज्ञानाची नोकरी सोडली आणि ती मंचात आली. आपली मुलगी कशानं गेली एवढं तिला कळायला हवं होतं. बाकीच्या मागण्या मंचाच्या होत्या.

मिरजेच्या डॉ. फातिमा मुजावर यांच्या प्रयोगशाळेत त्या वर्षी एक नवं यंत्र आलं. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, सगळे त्याला 'उगमदर्शक' म्हणत. ते दुधाचे दात वाचत असे. दुधाचे दात आईच्या पोटातच घडू लागतात, आणि मूल तीनेक वर्षांचं होईपर्यंत त्यांच्यावर रोज एकेक पापुद्रा चढत असतो. जन्माच्या दिवसाची तर दातात वेगळी रेघच उमटते. ज्या दिवशी रक्तात जे असेल ते त्या दिवसाच्या पापुद्र्यात कोंडलं जातं. उगमदर्शक प्रकाशाच्या बारीक सुईनं एकेक पापुद्रा उडवायचा आणि त्यातलं रसायन मोजायचा. शिवाय ते रसायन कुठल्या कारखान्याच्या कुठल्या घाण्यातलं, म्हणजे एका वेळी काढलेल्या कुठल्या मालातलं, हेही सांगायचा. कारण प्रत्येक घाण्यात सरळ साखळ्या किती आणि फाटे फुटलेल्या किती याचं प्रमाण वेगळं पडतं, जसं कोल्हापुरात प्रत्येक घरच्या कांदा-लसूण चटणीचं.

कावेरीचे दोन दात अन्विताकडे होते. शेवटच्या शस्त्रक्रियेआधी, भूल देताना घशात जाऊ नयेत म्हणून, डॉक्टरांनी हलणारे दात काढून एका प्लॅस्टिकच्या डबीत तिच्या हाती दिले होते. ती डबी तिनं मुजावर मॅडमना दिली आणि प्रयोगशाळेच्या बाकावर बसून राहिली.

संध्याकाळी मॅडमनी तिला पडद्यासमोर बोलावलं. आलेख पोटातल्या महिन्यांत सपाट होता. जन्माच्या रेघेनंतर तो चढला, मग उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. मॅडम म्हणाल्या की हे रसायन नित्यनवीचंच आहे, तेही अगदी सुरुवातीच्या घाण्यातलं. पण साखळ्या तुटून आखूड झाल्यात. इतक्या आखूड साखळ्या साडीवर नसतातच. आणि चढ सगळे थंडीतले आहेत.

"थंडीत बाळाच्या तोंडाशी काय असायचं?" त्यांनी विचारलं.

अन्विताला उत्तर लगेच कळलं, आणि तिथून पळून जावंसं वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी ती चार वर्षं फाटकांपुढे, कचेऱ्यांपुढे ओरडत हिंडली होती, आणि ती वस्तू तिच्याच घरात, तिच्या नणंदेच्या उशाशी घडी करून ठेवलेली होती.

नणंदेचं नाव रत्नमाला. अन्विताच्या नवऱ्याची, धैर्यशीलची, थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवऱ्यानं टाकलं, तेव्हापासून भावाच्या घरी. तिला मूलबाळ नव्हतं. धैर्यशील तिला आक्का म्हणे, अन्विता वन्सं म्हणे आणि कावेरी आत्ती. कावेरी हे नावही आत्तीनंच ठेवलेलं. बारशाला मान आत्याचा, त्यामुळे कुणाचं काही चाललं नाही. सगळ्या पाळण्यांत नवीनवी नावं हलत असताना आपल्या पोरीला पणजीच्या काळातलं नाव मिळालं म्हणून अन्विता तेव्हा आठवडाभर फुगून बसली होती.

त्या बारशात वन्संनी गोधडी आणली. तान्ह्या बाळाला कोरं कापड घालू नये, ते टोचतं आणि नजरही लागते. वापरून मऊ झालेलं, घरच्या माणसाच्या अंगचं कापड घालावं, अशी आपल्याकडची रीत. वन्संनी आपली सगळ्यात आवडती साडी फाडली होती. शिवणकामाच्या पैशांतून स्वतःसाठी घेतलेली पहिली नित्यनवी, जांभळी, मोरपंखी काठाची. थंडीच्या दिवसांत कावेरी त्या गोधडीचा काठ तोंडात धरल्याशिवाय झोपत नसे. ती गेल्यावर दवाखान्यातून सामान आलं, त्यातून वन्संनी एवढी एकच वस्तू मागून घेतली.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ होतं. वन्संच्या हाताला गोडी होती. गल्लीत कुणाकडे पाळणा हलला की त्या घरची जुनी साडी वन्संकडे यायची आणि गोधडी होऊन परत जायची. म्हणजे ती रसायनं कितीक बाळांच्या तोंडी आत्ता, या घटकेला, जात होती. अन्विता मिरजेहून परत येताना बसमध्ये हेच मोजायला लागली आणि मोजणं सोडून रडली.

धैर्यशीलनं सगळं ऐकून घेतलं. तो फार बोलणारा माणूस नव्हता. हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाला, "आक्काला सांगू नको. माझ्यापेक्षा जास्त तिनं पोरीला अंगाखांद्यावर खेळवलंय. तिला कळलं तर ती जगायची नाही."

"मग गल्लीतल्या पोरांचं काय?"

"त्यांच्यासाठी जे करायचं ते कर. पण शिवली कुणी, हे कशाला सांगायला पाहिजे?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी अन्विताची गत झाली. पर्यावरणाच्या लवादापुढे मंचाचा कंपनीवरचा खटला उभा होता आणि गोधडी ठेवल्याशिवाय तो जिंकता येणार नव्हता. गोधडी ठेवली की ती कुणी केली हा प्रश्न येणारच. खटला जिंकला की गल्लीतल्या गोधड्याही परत घेतल्या जातील अशी मनाची समजूत घालून, रात्रभर डोक्यात घोळवून तिनं ठरवलं की शिवणारी मीच म्हणून सांगायचं. रसायनाला शिवणारीच्या नावाशी काय देणंघेणं? विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हा विचार अगदी बिनतोड वाटला.

गोधडी मागायला मात्र तिची जीभ उचलेना. शेवटी तिनं सांगितलं की कोर्टात कावेरीची आठवण म्हणून समोर ठेवायची आहे. वन्संनी खळखळ केली नाही. त्यांनी गोधडी उन्हात टाकली, झटकली, चारपदरी घडी घातली आणि पिशवीत घालून दिली. परत आणशील ना, एवढंच विचारलं. अन्वितानं हो म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी मुजावर मॅडमनी कात्रीनं तिचे तीन तुकडे कापून घेतले.

तपासणीत निघालं ते नेमकं आणि तरीही अर्धवट. घाणा जुळला, काठावर कावेरीच्या लाळेच्या खुणासुद्धा सापडल्या. पण साखळ्या तुटल्या कशा, हे उमगेना. मॅडमनी दुसरी नित्यनवी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा धुतली. थर हलला नाही. हे कापड कशात तरी भरपूर शिजलंय, त्या म्हणाल्या, शिवताना काय केलं होतं ते घरी विचार. अन्वितानं विचारलं नाही. विचारलं असतं तर वन्संनी कशाला म्हणून विचारलं असतं. साबणानं धुतली होती, असं तिनं ठोकून दिलं.

सुनावणी कोल्हापुरात होती आणि ती घरोघर पडद्यावर दिसत होती. टेबलावर पारदर्शक पेटीत तुकडे कापलेली गोधडी ठेवली होती. कंपनीचे वकील वयस्कर आणि अतिशय सभ्य होते. मुलगी गेल्याबद्दल त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं, आणि त्यांच्या आवाजावरून ते खोटं वाटलं नाही. मग त्यांनी विचारलं की ही गोधडी कुणी शिवली.

"मी," अन्विता म्हणाली.

टाके कुठल्या दोऱ्याचे आहेत? सुती. किती थर आहेत? तीन. त्यांनी मोजून आणलं होतं, चार निघाले. एका कोपऱ्यात बोटाला काहीतरी टणक लागतं, ते काय आहे? दोऱ्याची गाठ असेल, अन्विता म्हणाली. वकील किंचित हसले आणि म्हणाले की उद्या तो कोपरा उसवून बघू. मंचाच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मुजावर मॅडम तिच्याकडे न बघता उठून गेल्या.

ती घरी आली तेव्हा वन्संनी पान वाढून ठेवलं होतं. धैर्यशील ताटाकडे मान घालून बसला होता. शेजारच्या घरी पडद्यावर सगळं बघून वन्सं नुकत्याच परतल्या होत्या, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. भाकरी वाढता वाढता वन्सं थांबल्या.

"पोर माझं न्हवतं, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "म्हणून गोधडीबी माझी न्हवं व्हय गं?"

अन्विताला त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. तिनं धैर्यशीलकडे बघितलं, त्यानं डोळ्यांनीच नको म्हटलं, आणि ती गप्प राहिली. या बाईला जगात स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. नवरा नाही, घर नाही. एका पोरीला तिनं पांघरूण घातलं, एवढी एकच गोष्ट होती, आणि आपण तिला वाचवायला म्हणून तीच काढून घेतली, हे अन्विताला भाकरी मोडता मोडता कळलं.

सकाळी वन्सं घरात नव्हत्या. पहिल्या बसनं त्या कोल्हापुरात जाऊन पोचल्या होत्या. अन्विता लवादात शिरली तर त्या प्रेक्षकांत पुढच्याच बाकावर, धुतलेली पांढरी सुती साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांच्या अंगावर नित्यनवी नव्हती. वहिनीचं आंदोलन सुरू झालं त्याच दिवशी त्यांनी ती नेसायची सोडली होती, त्यांना रसायनातलं काही कळत नसलं तरी. अन्विता त्यांच्याकडे जायला निघाली तोवर लवादाच्या अध्यक्षबाई आत आल्या आणि सगळे उठून उभे राहिले. बाकीचे बसले. वन्सं उभ्याच राहिल्या.

"मला बोलायचं हाय," त्या म्हणाल्या. "ती गोधडी मी शिवलीया. वहिनीला सुईत दोरा ओवता येत न्हाई."

लोक हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी वन्संना पुढे बोलावलं, नाव विचारलं आणि हे कशावरून, असं विचारलं. वन्सं म्हणाल्या की कोपरा उसवा, त्यात तांदूळ निघतील. पांघरूण कधी उपाशी देऊ नये, त्याला घास भरवूनच द्यावं, म्हणजे पांघरणारं कधी उपाशी राहत न्हाई. सगळ्यांसमोर कोपरा उसवला. चिमूटभर तांदूळ निघाले, पिवळे पडलेले. वन्संनी अन्विताकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, एखाद्या लहान मुलाची चोरी पकडल्यावर असते तशी माया होती. अन्विताला मात्र पुढं काय येणार ते दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

वकिलांनी विचारलं, "बाई, कापड शिवण्याआधी कसं तयार केलंत?"

कुणी इतक्या अगत्यानं विचारल्यावर वन्सं खुलल्या. त्यांनी सगळं सांगितलं. साडी लई निसरडी होती, बाळाच्या अंगावर राहती न्हवती. घाम टिपती न्हवती. असलं कापड तान्ह्या पोराला कसं घालायचं? म्हणून तांब्याच्या हंड्यात पाण्याला आधण आणलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि साडी दिवसभर शिजवली. दगडावर बडवली, वाळवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कापड पाणी धरायला लागेपर्यंत हेच. आठवडा गेला, पण शेवटी अशी मऊ झाली की गालाला लावावी.

"गल्लीतल्या सगळ्यांच्या साड्या मी अशाच शिजवतो," त्या म्हणाल्या. "बिगारीचं काम न्हवं ते, जीव लावून करावं लागतं."

मुजावर मॅडमनी डोळे मिटून घेतले. सोडा, तांबं आणि उकळी. ज्या गाठीवर उन्हापावसाची, काळाची मात्रा चालली नव्हती, ती या तिघांनी मिळून दिवसेंदिवस कुरतडली होती. वरवर साडी मऊ झाली, आत साखळ्यांचे आखूड तुकडे मोकळे होऊन सुतात अडकून बसले, आणि लाळेत विरघळायला तयार झाले. कंपनीनं चाचण्या केल्या त्या साडी नेसणाऱ्या बायकांवर. मंचानंही त्यांच्यावरच केल्या. साडी जुनी झाल्यावर आपल्या घरांत तिचं काय होतं, हे दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

वकील अध्यक्षबाईंकडे वळले. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की म्हणजे आमच्या कापडात दोष नव्हता. ते या बाईंनी आठवडाभर सोड्यात उकळून विषारी केलं आणि मुलीच्या तोंडी दिलं. मुलीच्या मृत्यूला कारण झालं असेल तर ते हे उकळणं.

वन्संना आधी नीट कळलंच नाही. त्या वकिलांकडे बघत राहिल्या, मग पेटीकडे, मग अन्विताकडे. हे खरं हाय का, असं त्यांनी विचारलं नाही. अन्विताच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि त्यांना उत्तर मिळालं. कालचं खोटं कशासाठी होतं तेही त्याच वेळी कळलं असावं. त्यांनी पिशवी उचलली, पदर सावरला आणि अध्यक्षबाईंना नमस्कार करून त्या खाली उतरल्या.

मुजावर मॅडमनी प्रयोगशाळेत तसाच हंडा चढवला, तसाच सोडा टाकला. साखळ्या तुटल्या. महिन्याभरानं निकाल लागला. खोटी साक्ष दिल्याबद्दल अन्विताला कडक समज मिळाली. पण अध्यक्षबाईंनी पुढे असं नोंदवलं की या देशात साडीचं आयुष्य ती नेसायची सोडली म्हणून संपत नाही. तिची गोधडी होते, दुपटं होतं, पायपुसणं होतं, आणि जो साडी विकतो त्यानं शेवटच्या चिंधीपर्यंतचा विचार करायला हवा. विक्री बंद झाली. विकलेला सगळा माल परत घेण्याचा हुकूम निघाला. फाटकासमोर बायका नाचल्या, हवालदारानंसुद्धा पेढा खाल्ला. अन्विताला खांद्यावर उचलायला बघत होते, ती गर्दीतून मागच्या मागे निसटली.

घरी वन्सं उंबऱ्यावर उभ्या होत्या. तो सगळा महिना त्यांनी घरातलं काम केलं, वेळेवर जेवल्या, पण सुई हातात धरली नव्हती. आता त्यांच्या खांद्यावर एक मोकळं पोतं होतं.

"माझ्या गोधड्या परत आणायच्यात," त्या म्हणाल्या. "चल."

अन्विता म्हणाली की कंपनीच्या गाड्या येणार आहेत, त्या गोळा करतील. वन्संनी ते ऐकलंच नाही. त्या चालायला लागल्या, आणि अन्विता त्यांच्या मागोमाग गेली.

गल्लीनं त्या दिवशी वन्संचं जे केलं ते सांगायला नको असं वाटतं, पण सांगायला हवं. कुणी हात जोडून गोधडी दिली. कुणी काही न बोलता दारातूनच पोत्यात टाकली. एका घरची मुलगी सहा महिने दवाखान्यात होती. तिच्या आईनं वन्संना नाही नाही ते ऐकवलं. वन्सं मान खाली घालून ऐकत राहिल्या आणि ती थांबल्यावर म्हणाल्या, गोधडी दे. ज्या बायकांनी वन्संना मावशी म्हणत पाय धरून साड्या आणून दिल्या होत्या, त्यांतल्या काहींनी आज पोरांना दारातून आत ओढून घेतलं. अन्विताला प्रत्येक दारात ओरडून सांगावंसं वाटत होतं की दोष कुणाचा ते निकालात लिहिलंय, वाचा. पण या दारांत बोलायचं की नाही ते वन्संनी ठरवायचं होतं. एकदा त्यांच्या वतीनं बोलून काय झालं ते तिनं पाहिलं होतं.

शेवटचं घर चौगुल्यांचं. त्यांच्या सुनेचं बाळ चार महिन्यांचं होतं. ती हळू आवाजात म्हणाली की आत्ताच झोपलंय, महिनाभर काढून ठेवायचं म्हणते पण गोधडीशिवाय त्याचा डोळाच लागत नाही, त्याच्याच अंगावर आहे, उठलं की देते, बसा. वन्सं पायरीवर टेकल्या. अन्विता शेजारी बसली. पोतं दोघींच्या मध्ये होतं.

समोरच्या घरांच्या भिंतींवरचं ऊन उतरत चाललं होतं. समोर बघतच वन्संनी विचारलं.

"अनू, मी ती शिजवली नसती, तशीच निसरडी घातली असती, तर?"

या प्रश्नाचं उत्तर अन्विता महिनाभर तयार करत होती. कंपनीनं सांगायला हवं होतं. आम्ही शोधायला हवं होतं. शेकडो वर्षं बायका हेच करत आल्यात आणि कुणाचं पोर त्यानं गेलं नव्हतं. सगळं खरं होतं, आणि यांतलं एकही वन्संनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मुळीच फरक पडला नसता, असं म्हणणंही सोपं होतं. धैर्यशीलनं हेच म्हण म्हणून सांगितलं असतं. पण खोटं बोलून या बाईचं होतं ते तिनं एकदा काढून घेतलं होतं.

"तर कावेरी राहिली असती, वन्सं."

वन्संनी मान हलवली. "व्हय," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच." मग त्यांनी अन्विताचा हात हातात घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. त्यांचे तळवे सोड्यानं कायमचे खरखरीत झालेले होते. अन्विता रडत होती. वन्सं रडत नव्हत्या, त्यांना रडू येत नव्हतं.

आत बाळ जागं होऊन कुरकुरायला लागलं. सुनेनं हाक मारली की उठलंय, या. वन्संनी उठायचा प्रयत्न केला, पायरीला हात टेकला, आणि तशाच बसून राहिल्या. तू जा, असं त्यांनी हातानंच सांगितलं. मग अन्विता एकटीच आत गेली आणि तिनं त्या बाळाच्या मुठीतून आणि तोंडातून गोधडीचा काठ सोडवून घेतला. ते जोरात रडायला लागलं.